एक्सप्लेनर : हंगामाआधीचं शिबिर बुडालं, तर तरुण खेळाडूचं नेमकं काय हुकतं? ऋतुराज गायकवाड ते जो बरो

डिजिटल डेस्क, बिडकीन (छत्रपती संभाजीनगर)

२२ सप्टेंबर २०२०, शारजा. राजस्थान रॉयल्सने २१६ धावा ठोकल्या होत्या. पाठलाग करताना चेन्नई सुपर किंग्जच्या विकेट पडू लागल्या आणि २३ वर्षांचा एक मराठी पोरगा आयपीएलमधल्या पहिल्याच डावासाठी मैदानात उतरला. समोर लेगस्पिनर राहुल तेवतिया. पहिलाच चेंडू खेळायला तो क्रीज सोडून पुढे आला, चुकला, आणि मागे संजू सॅमसनने बेल्स उडवल्या. ऋतुराज गायकवाड, शून्यावर यष्टिचित.

त्या रात्री सोशल मीडियावर निकाल लागून गेला : घाई केली, आयपीएलचा खेळाडू नाही. पण हा पोरगा त्याआधीचे जवळपास तीन आठवडे दुबईतल्या एका खोलीत बंद होता, ही गोष्ट स्कोअरकार्डवर कुठेच नव्हती.

हंगाम सुरू होण्याआधीची तयारी मोडली तर तरुण खेळाडूच्या घडणीवर किती परिणाम होतो, हा प्रश्न क्रिकेटपेक्षा कितीतरी जास्त चघळला जातो तो अमेरिकेत. तिथल्या फुटबॉलमध्ये ‘क्वार्टरबॅक’ नावाची एक जागा असते. नवा क्वार्टरबॅक ऑगस्टमध्ये आजारी पडला किंवा जखमी झाला, की अख्ख्या शहराचा जीव टांगणीला लागतो. आपल्याकडे मात्र ‘प्रॅक्टिस बुडाली’ एवढ्यावर विषय संपतो. म्हणून ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून पाहू.

ऋतुराजचं नेमकं काय बुडालं?

पुण्याजवळच्या जुन्या सांगवीतला मुलगा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. डिसेंबर २०१८ च्या लिलावात चेन्नईने त्याला २० लाखांना घेतलं. २०१९ चा पूर्ण हंगाम त्याने बाकावर बसून काढला. म्हणजे २०२० हे त्याचं खरं पहिलं वर्ष ठरणार होतं.

मार्च २०२० मध्ये चेपॉकवर सुरू झालेलं शिबिर कोरोनामुळे अर्ध्यावर थांबलं. स्पर्धाच पुढे गेली. पाच महिने देशभर नेट बंद, मैदानं बंद. ऑगस्टमध्ये चेपॉकवरच एक छोटं शिबिर झालं आणि संघ २१ ऑगस्टला दुबईला पोहोचला. ऑगस्टच्या अखेरीस ताफ्यातले १३ जण पॉझिटिव्ह निघाले. त्यात दोन खेळाडू होते : दीपक चहर आणि ऋतुराज. बाकीचा संघ सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरावाला लागला. चहर सुटला. ऋतुराज मात्र खोलीतच राहिला. १९ सप्टेंबरला संघाचा पहिला सामना झाला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी तो थेट शारजाच्या मैदानात होता.

म्हणजे ज्या खेळपट्ट्यांवर खेळायचं, ज्या गोलंदाजांसमोर खेळायचं, ज्या कर्णधाराला स्वतःला दाखवून द्यायचं, त्यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं. पुढचा सामना दिल्लीविरुद्ध : ५ धावा, धावबाद. मग बाहेर. १९ ऑक्टोबरच्या पराभवानंतर धोनीने संघातल्या तरुणांमध्ये ठिणगी दिसली नाही अशा अर्थाचं विधान केलं आणि ते देशभर गाजलं. २३ ऑक्टोबरला मुंबईविरुद्ध ऋतुराजला सलामीला पाठवलं, तर पहिल्याच षटकात ट्रेंट बोल्टने पायचित केलं. पुन्हा शून्य. त्या दिवशी चेन्नईची अवस्था ४ बाद ३ अशी झाली होती.

तीन डाव, ० ५ ०. इथे थोडं थांबू. कारण पुढे काय झालं ते समजायला आधी क्वार्टरबॅकची गोष्ट लागेल.

क्वार्टरबॅक म्हणजे कोण?

अमेरिकन फुटबॉल नावापुरताच फुटबॉल. चेंडू लंबगोल असतो आणि खेळ बहुतेक हातांनीच चालतो. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू. प्रत्येक चाल थांबून, ठरवून सुरू होते. चाल सुरू होताना चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्याकडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरची बचावफळी काय डाव टाकतेय ते ओळखायचं, धावणाऱ्या चार-पाच साथीदारांपैकी कोण मोकळा होणार ते हेरायचं आणि चेंडू फेकायचा. तोवर सव्वाशे किलोचे दोन-तीन गडी त्याला आडवं करायला धावून येत असतात.

आता यातला खरा मुद्दा. चांगला क्वार्टरबॅक साथीदार मोकळा झाल्यावर चेंडू फेकत नाही, तो मोकळा होण्याआधीच फेकतो. साथीदाराची पाठ अजून वळलेली असते, आणि तो सातव्या पावलाला वळेल तेव्हा चेंडू त्याच्या छातीजवळ पोहोचलेला असायला हवा. खो-खोमध्ये खो मिळता क्षणी बसलेला गडी ज्या भरवशाने उठतो, तसं काहीसं. हा ताळमेळ व्हिडिओ पाहून येत नाही, वहीत लिहून येत नाही. तोच साथीदार, तीच चाल, शंभर वेळा. तेव्हा कुठे हात आपोआप सुटतो.

आणि या शंभर वेळा मिळण्याची जागा म्हणजे जुलै-ऑगस्टचं शिबिर. एकदा हंगाम सुरू झाला की आठवड्याला एक सामना, अंगावर पूर्ण साहित्य चढवून करायच्या सरावावर मर्यादा, आणि जो काही सराव होतो त्यातल्या बहुतेक पाळ्या पहिल्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच्या तरुणाने बाजूला उभं राहून बघायचं. नेटमध्ये शेवटी फक्त दहा मिनिटं बॅटिंग मिळणाऱ्या पोराला हे वेगळं सांगायला नको.

शिबिरात मिळतं तरी काय?

फिटनेस, हे पहिलं उत्तर. ते बरोबर आहे, पण अर्धंच. फिटनेस माणूस खोलीतही थोडाफार राखू शकतो.

शिबिरात मिळते ती फुकटात चुकण्याची सोय. बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. नवी मशीन बसवली की तिच्यावर लगेच ऑर्डरचा माल काढत नाहीत. आधी ट्रायल रन. दहा-वीस पीस खराब निघतात, सेटिंग बदलतात, पुन्हा चालवतात. ते खराब पीस कुणाच्या हिशोबात धरत नाहीत. ट्रायल न घेता थेट उत्पादन सुरू केलं तर मशीन वाईट आहे असं नाही, पण खराब पीस ग्राहकाच्या हातात जातात आणि बदनामी मशीनची होते.

तरुण खेळाडूचंही असंच. चुका तो करणारच. प्रश्न इतकाच की त्या कुठे होणार : हिशोब नसलेल्या सराव सामन्यात, की प्रत्येक चूक आकडेवारीत कायमची नोंदली जाते त्या खऱ्या सामन्यात.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. शिबिरात प्रशिक्षकही शिकत असतो. या पोराला दबावात काय सुचतं, तो कुठल्या चेंडूला घाबरतो, सलामीला बरा की मधल्या फळीत, हे प्रशिक्षकाला तिथेच कळतं. ऋतुराज मुळात सलामीवीर. शारजात त्याला पाचव्या क्रमांकावर, धावगती आभाळाला भिडलेली असताना पाठवलं गेलं. तीन आठवडे तो डोळ्यांसमोर नेटमध्ये खेळला असता तर हाच क्रम ठरला असता का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं आजारपण आणि त्यामुळे तो नीट पाहायलाच मिळाला नाही ही अडचण, पुढे धोनीनेही बोलून दाखवली.

जो बरो : चार वर्षांत चार वेळा मोडलेली तयारी

हा विषय तपासायला सिनसिनाटी बेंगल्सच्या जो बरोइतकं चांगलं उदाहरण मिळणं अवघड.

एप्रिल २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत, तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. निवडही घरबसल्या, ऑनलाइन झाली. तेव्हा हंगामाआधी प्रत्येक संघ चार सराव सामने खेळायचा. त्या वर्षी कोरोनामुळे एकही झाला नाही. उन्हाळ्यातले वर्ग व्हिडिओ कॉलवर, आणि बरोचा व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला सामना थेट १३ सप्टेंबरचा, हिशोबातला. तो १६-१३ असा हरला. २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध गुडघ्याचे लिगामेंट फाटून हंगाम संपला. (ही दुखापत अंगावर पडलेल्या खेळाडूंमुळे झाली. ती तयारीच्या अभावामुळे झाली असं म्हणणं चुकीचं ठरेल.) त्याच्या दहा सामन्यांतला हिशोब दोन विजय, सात पराभव, एक बरोबरी.

२०२१ चा उन्हाळा शस्त्रक्रियेनंतर गुडघा सावरण्यात गेला. तरीही संघ त्या हंगामात सुपर बोलपर्यंत पोहोचला.

२०२२ मध्ये जुलैच्या अखेरीस अपेंडिक्सची शस्त्रक्रिया. शिबिराचा मोठा भाग बुडाला, सराव सामन्यात तो उतरलाच नाही. ११ सप्टेंबरला पिट्सबर्गविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याने चार वेळा चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. त्यातला पहिला तर सामना सुरू होताच, आणि त्यावर समोरच्या संघाने गुण वसूल केले. पुढचाही सामना हरले. मग गाडी रुळावर आली आणि संघाने नियमित हंगाम १२ विजय, ४ पराभवांवर संपवला.

२०२३ मध्ये शिबिराच्या सुरुवातीलाच पोटरी दुखावली. पुन्हा सगळा ऑगस्ट बाहेर. सप्टेंबरमध्ये २७.५ कोटी डॉलरचा करार झाला, आणि तीनच दिवसांनी क्लीव्हलँडमध्ये भर पावसात ८२ यार्ड, २४-३ असा पराभव.

सुरुवात अडखळत, मग हळूहळू लय. २०२२ आणि २०२३ चा हा आलेख पाहिला की वाटतं, झालं सिद्ध. पण २०२४ मध्ये बरोचं शिबिर पूर्ण झालं, सराव सामन्यातही तो थोडा खेळला. पहिल्या सामन्यात न्यू इंग्लंडसारख्या दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाकडून १६-१० ने हार. त्यामुळे सगळा दोष हुकलेल्या शिबिरावर टाकण्याआधी जरा दमानं घ्यावं लागतं.

मग शिबिराशिवाय चमकलेलेही आहेतच की!

आहेत. आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर हा लेख अप्रामाणिक होईल.

त्याच २०२० च्या निवडीतला जस्टिन हर्बर्ट. सराव सामने त्यालाही मिळाले नव्हते, वर तो राखीव. २० सप्टेंबर २०२० ला लॉस एंजेलिस चार्जर्सचा मुख्य क्वार्टरबॅक टायरॉड टेलर याला सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन देताना संघाच्या डॉक्टरांकडून फुप्फुसाला इजा झाली. सामना सुरू होण्याच्या तोंडावर हर्बर्टला सांगण्यात आलं, तू खेळतोयस. समोर गतविजेते कॅन्सस सिटी. पोराने पहिल्याच चढाईत स्वतः धावत जाऊन टचडाऊन केला आणि ३११ यार्डांचे पास फेकले. सामना हरला, पण हंगामाअखेर ३१ टचडाऊन पास, पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकसाठी तोवरचा विक्रम.

त्याआधी २०११. मालक आणि खेळाडूंच्या वादात मार्च ते जुलै टाळेबंदी. खेळाडूंना क्लबच्या आवारात पाऊल टाकायलाही मनाई. त्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा कॅम न्यूटन याने पदार्पणात ४२२ यार्ड फेकले आणि हंगामात ४,००० यार्डांच्या पुढे जाणारा तो पहिला नवखा क्वार्टरबॅक ठरला.

मग काय, शिबिर उगाचच? तसंही नाही. २०२० मध्ये मैदानं रिकामी होती किंवा प्रेक्षक अगदी तुरळक. एरवी परक्या मैदानावर सत्तर हजारांच्या गोंगाटात क्वार्टरबॅकला स्वतःच्या साथीदारांपर्यंत आवाज पोहोचवता येत नाही, हीच नवख्याची सर्वांत मोठी परीक्षा. ती परीक्षा त्या वर्षी रद्द झाली होती. शिवाय समोरच्या बचावफळ्यांचाही सराव बुडाला होता. त्या हंगामात अमेरिकन लीगमध्ये प्रतिसामना गुणांचा विक्रम झाला तो उगाच नाही. तयारी सगळ्यांचीच मोडली तर शर्यत पुन्हा समान होते. खरा फटका बसतो तो एकट्याची तयारी मोडते तेव्हा.

ऋतुराजची तशी होती. बाकीचे दहा जण सराव करून आले होते.

हर्बर्ट आणि न्यूटनमध्ये अजून एक साम्य आहे. दोघांचेही संघ त्या वर्षी हरणारे होते : चार्जर्स ७ विजय ९ पराभव, न्यूटनचे पँथर्स ६ विजय १० पराभव. हरणाऱ्या संघात नवख्याला चुकायला वेळ मिळतो. बाहेर काढून दुसरं कुणाला आणायचं, असा प्रश्न असतो. हुकलेलं शिबिर त्यांना खऱ्या सामन्यांतच भरून काढता आलं.

शिबिर परत मिळालं, पण ऑक्टोबरमध्ये

आता ऋतुराजकडे परत. ० ५ ० नंतर काय झालं?

२५ ऑक्टोबरला बेंगळुरूविरुद्ध ५१ चेंडूंत नाबाद ६५. त्याच रात्री राजस्थानने मुंबईला हरवलं आणि चेन्नईचं प्ले-ऑफचं गणित संपलं. आयपीएलमध्ये खेळलेल्या हंगामांत चेन्नईवर ही वेळ पहिल्यांदाच आली होती. २९ ऑक्टोबरला कोलकात्याविरुद्ध ५३ चेंडूंत ७२. १ नोव्हेंबरला पंजाबविरुद्ध ४९ चेंडूंत नाबाद ६२. तिन्ही सामन्यांत सामनावीर.

तारखा नीट पाहा. शेवटचे दोन सामने चेन्नईसाठी निव्वळ औपचारिकता होते. जिंकले काय, हरले काय. प्रेक्षकही नाहीत. सलामीची स्वतःची जागा, समोर जगातले चांगले गोलंदाज, आणि चुकलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही. यालाच तर सराव सामना म्हणतात! ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खोलीत अडकल्यामुळे जे हुकलं, ते ऑक्टोबरअखेर त्याला असं परत मिळालं. संघ स्पर्धेत टिकून असता तर तीन अपयशांनंतर त्याला चौथी संधी मिळाली असती का? या प्रश्नावर क्रिकेटच्या कट्ट्यांवर वाद होऊ शकतो. पण संघ बाहेर पडण्याच्या बेतात असल्यामुळे तरुणांना संधी द्यायचं ठरलं आणि त्याचा सर्वांत मोठा फायदा ऋतुराजला झाला, हे दिसतंच.

२०२१ ची सुरुवातही कोरडीच : ५, ५, १०. संघाने त्याला काढलं नाही. चौथ्या डावात कोलकात्याविरुद्ध ६४. हंगामअखेर १६ सामन्यांत ६३५ धावा, ऑरेंज कॅप आणि चेन्नईचं विजेतेपद. वय २४. तोवर एवढ्या कमी वयात ती टोपी कुणी घातली नव्हती.

२०२२ मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे श्रीलंकेविरुद्धची टी-२० मालिका अर्धवट सुटली आणि सुरतच्या शिबिरात तो उशिरा पोहोचला. पहिले पाच डाव : ०, १, १, १६, १७. सहाव्यात ७३. नंतर हैदराबादविरुद्ध ९९. २०२३ मध्ये कुठलाही अडथळा नव्हता आणि पहिल्याच सामन्यात गुजरातविरुद्ध ५० चेंडूंत ९२.

दोन हंगामांत तयारी मोडली, दोन्ही वेळा सुरुवात खराब. एका हंगामात तयारी नीट झाली, सुरुवात झकास. पण २०२१ मध्ये शिबिर वेळेवर होऊनही सुरुवात खराबच होती. चार हंगामांच्या आकड्यांवरून सिद्धांत मांडायचा नसतो. एवढं मात्र म्हणता येतं की पहिल्या तीन-चार डावांवरून निकाल लावला असता, तर महाराष्ट्राचा हा खेळाडू २०२० मध्येच यादीतून पुसला गेला असता.

पूर्ण वर्षच गेलं तर?

जे. जे. मॅकार्थी. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा वायकिंग्जने दहाव्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक. १० ऑगस्ट २०२४ च्या पहिल्याच सराव सामन्यात १७ पैकी ११ पास बरोबर, १८८ यार्ड, दोन टचडाऊन. सगळे खूश. काही दिवसांनी कळलं, गुडघ्यातली कुर्चा फाटलीय. शस्त्रक्रिया आणि पूर्ण वर्ष बाहेर. त्याच्या जागी आलेल्या सॅम डार्नल्डने संघाला १४ सामने जिंकून दिले.

‘वर्षभर बाहेर बसून शिकला असेल की’ असं म्हणणारे निघाले. उदाहरण दिलं जातं पॅट्रिक महोम्सचं. त्यानेही २०१७ चा जवळपास पूर्ण हंगाम बाकावर काढला आणि पुढच्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फरक लहान वाटतो, पण महत्त्वाचा आहे. महोम्स बसला होता, पण रोज सरावाला होता, चेंडू फेकत होता. मॅकार्थी कुबड्यांवर होता. बैठकीत बसून चाली पाठ होतात, हाताला सवय लागत नाही.

मॅकार्थीचा पहिला खरा सामना ८ सप्टेंबर २०२५ ला, शिकागोत. तीन चतुर्थांश सामना तो चाचपडत होता. शेवटच्या भागात तीन टचडाऊन करून त्याने २७-२४ ने सामना काढला. पुढच्याच आठवड्यात अटलांटाने २२-६ ने हरवलं आणि घोटा मुरगळून तो पुन्हा बाहेर गेला.

शरीराचा हिशोब वेगळाच

कौशल्य उशिरा आलं तर नाव खराब होतं. शरीराची तयारी राहिली तर थेट दवाखाना.

२०११ च्या टाळेबंदीनंतर अमेरिकन खेळाडू एकदम शिबिरात उतरले, तेव्हा पहिल्या १२ दिवसांत दहा जणांच्या टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटली. संशोधकांनी याची स्वतंत्र नोंद घेतली. कोरोनानंतर क्रिकेट सुरू करताना आयसीसीने मे २०२० मध्ये वेगवान गोलंदाजांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच भीतीपोटी : टी-२० साठी किमान पाच ते सहा आठवडे तयारी, वनडेसाठी सहा आठवडे, कसोटीसाठी आठ ते बारा आठवडे. पाठीचं हाड पक्कं व्हायचं असलेल्या कोवळ्या गोलंदाजांना तर सर्वाधिक धोका.

आता हे आकडे आपल्याकडच्या पोरांना लावून पाहा. महिनाभर तापाने किंवा परीक्षेमुळे गोलंदाजी बंद, आणि निवड चाचणी चार दिवसांवर आली म्हणून रोज दहा-दहा षटकं जोर लावून टाकणारे किती जण असतील!

बिडकीनच्या पोराचं काय?

संभाजीनगर-पैठण रस्त्यावरून पुढे गेलं की पैठण. तिथे जन्मलेल्या अंकित बावणेने वयाच्या १५ व्या वर्षी महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण केलं. त्यामुळे या पट्ट्यातल्या मुलांना रणजी म्हणजे भलतंच दूरचं स्वप्न वाटत नाही.

अडचण वेळापत्रकाची आहे. १९ वर्षांखालील मुलांची विनू मंकड स्पर्धा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे तिच्या तयारीचे महिने जून ते सप्टेंबर, ऐन पावसाळ्याचे. मोठ्या शहरात इनडोअर नेट असतात, पाऊस पडला तरी पाळी चुकत नाही. गावाकडे मैदानाचा चिखल झाला की सराव सिमेंटच्या पट्टीवर किंवा बंदच. मग चाचणीच्या दिवशी बसने शहरात यायचं आणि टर्फ विकेटवर, अनोळखी गोलंदाजांसमोर दहा-पंधरा चेंडूंत स्वतःला सिद्ध करायचं. शारजात ऋतुराजचं जे झालं ते अपघाताने झालं होतं. गावाकडच्या पोराचं दरवर्षी तेच होतं.

यावर करण्यासारखं काही आहे का? थोडंफार आहे. चाचणीत एकाच पाळीवर निकाल न लावता दोन वेगवेगळ्या दिवशी खेळवणं. पावसाळ्यानंतर, निवडीआधी, तालुक्यांच्या पोरांना टर्फवर दोन-तीन सराव सामने देणं. आजारपणातून उठलेल्या मुलाने ते प्रशिक्षकाला आधीच सांगणं आणि त्याला कमजोरी न समजणं. पालकांनीही पहिल्या अपयशाला ‘झालं तुझं क्रिकेट’ म्हणू नये. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि नेमका तोच द्यायला कुणी तयार नसतं.

२०२०-२१ मध्ये तर एक पूर्ण पिढीच यात सापडली. १९३४ पासून दरवर्षी होत आलेली रणजी स्पर्धा पहिल्यांदाच रद्द झाली. १९ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धाही झाल्या नाहीत. त्या वाया गेलेल्या वर्षातून बाहेर पडलेले महाराष्ट्राचे राजवर्धन हंगरगेकर, विकी ओस्तवाल आणि कौशल तांबे जानेवारी २०२२ मध्ये युवा विश्वचषक खेळायला गेले, तर तिथेही कर्णधार यश धुलसह अनेक जण पॉझिटिव्ह निघाले. आयर्लंडविरुद्ध मैदानात उतरायला जेमतेम ११ जण उरले होते. तरीही ५ फेब्रुवारीला त्यांनी विश्वचषक जिंकला. तुळजापूरचा हंगरगेकर पुढे चेन्नई संघात दाखल झाला, तेही थेट विश्वचषकातून.

ते दिसले, कारण ते संघात होते. रद्द झालेल्या हंगामाची भरपाई म्हणून बीसीसीआयने सप्टेंबर २०२१ मध्ये देशांतर्गत खेळाडूंना ५० टक्के जादा सामना मानधन द्यायचं ठरवलं. अट एकच : खेळाडू २०१९-२० च्या हंगामात खेळलेला असावा. ज्याचं पदार्पणच २०२०-२१ मध्ये व्हायचं होतं, तो या यादीत बसत नव्हता.